ओव्याचं फूल आणि दहा लाख डॉलर

पोटात दुखतंय म्हटलं की आमची दादी चिमूटभर ओवा आणि मिठाचा खडा तळहातावर ठेवायची आणि वर कोमट पाणी प्यायला लावायची. जंतांचा संशय आला तर ओव्याची चिमूट मोठी व्हायची. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात पोरांच्या पायांत चपला दिसायच्या त्या जुम्म्याला आणि ईदेला. बाकीचे दिवस अनवाणी. पावसाळ्यात पायांना खाज सुटायची, पुढे कुणाचा चेहरा पांढराफटक पडायचा, कुणी भिंतीचे पोपडे काढून खायचा. याला आजार म्हणतात हे आमच्या गावी नव्हतं. असतात काही पोरं अशी, एवढंच मोठी माणसं म्हणायची.

ही आठवण इतक्या वर्षांनी वर आली ती अमेरिकेच्या इतिहासामुळे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशीच पांढरीफटक, माती खाणारी, अनवाणी मुलं लाखोंनी होती. त्यांना जे औषध दिलं गेलं त्याचं नाव थायमॉल. आपल्याकडे त्याला ओव्याचं फूल म्हणतात. त्या काळी जर्मनीतले कारखाने हिंदुस्थानातून ओवा मागवून त्यातून थायमॉल काढत असत. तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या पोराच्या पोटात आपल्याकडच्या शेतातला ओवा गेलाही असेल. दादीला हे ऐकून फार आनंद झाला असता.

पण आज बोलायचं आहे ते ओव्याबद्दल कमी आणि अनुदानाबद्दल जास्त. कवीला अनुदान म्हटलं की पुस्तकाच्या छपाईचं अनुदान आठवतं. ते मिळालं तर पुस्तक निघतं, नाही मिळालं तर वही कपाटात राहते. आरोग्य खात्याच्या अनुदानाचं तसं नसतं. ते येण्यावर आणि जाण्यावर माणसांचं जगणं अवलंबून असतं, आणि ते ज्या रीतीनं येतं त्यावर, ते संपल्यानंतर मागे काय उरणार हेही ठरतं.

चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स नावाचा एक प्राणिशास्त्रज्ञ होता. जर्मनीत शिकून आलेला, जंतांचा अभ्यास करणारा. १९०२ मध्ये त्यानं दाखवून दिलं की अमेरिकेच्या दक्षिणेतला अशक्तपणा हा पुष्कळ ठिकाणी अंकुशकृमीमुळे आहे. हा कृमी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, लहान आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. संडास नाहीत, पायांत जोडे नाहीत, हवा दमट. त्याला आणखी काय हवं? वर्तमानपत्रांनी लगेच मथळा केला, ‘आळशीपणाचा जंतू सापडला’. दक्षिणेतल्या लोकांना तो झोंबला. यादवी युद्धात हरलेला प्रदेश, त्यात गरिबी, आणि आता उत्तरेकडचे लोक म्हणतात तुमच्या पोटात जंत आहेत, म्हणून तुम्ही आळशी! राग येण्यासारखंच होतं.

स्टाइल्सनं बरीच वर्षं दारं ठोठावली. शेवटी १९०९ च्या ऑक्टोबरात तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांनी पाच वर्षांसाठी दहा लाख डॉलर दिले आणि एक आयोग स्थापन झाला. त्याचा कारभार ज्यांच्याकडे आला ते डॉक्टर नव्हते. विक्लिफ रोझ हे टेनेसीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मला या गोष्टीत सर्वांत जास्त आवडलेला माणूस हाच. हातात दहा लाख डॉलर आलेल्या माणसानं काय केलं असतं? आपले डॉक्टर नेमले असते, आपले दवाखाने काढले असते, दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावली असती. रोझ यांनी तसं काही केलं नाही. ते अकरा राज्यांच्या आरोग्य मंडळांकडे गेले. ही मंडळं बहुतेक ठिकाणी कागदावरच होती. एखादा डॉक्टर आपला धंदा सांभाळून मंडळाचं काम पाहायचा, साथ आली की धावपळ, ती गेली की सामसूम. रोझ यांनी सांगितलं, हे काम तुमचं आहे, तुमच्याच नावानं चालेल. तुम्ही एक संचालक नेमा, आम्ही त्याला पसंती देऊ आणि त्याचा पगार देऊ. त्याच्या हाताखाली गावोगाव फिरणारे निरीक्षक आणि सूक्ष्मदर्शकावर बसणारी माणसं असतील.

यापुढची पायरी काउंटीची. काउंटी म्हणजे आपला जिल्हा नव्हे, बऱ्याचदा तालुक्याएवढाच कारभार. तिथल्या पंचांना सांगायचं की दवाखान्याचा फिरता तळ तुमच्याकडे हवा असेल तर त्यासाठी थोडे पैसे तुम्ही मंजूर करा. रक्कम फार मोठी नसे. पण ती मंजूर करायला बैठक भरवावी लागे, चर्चा करावी लागे, विरोध करणाऱ्याची समजूत घालावी लागे. आरोग्यावर सरकारी पैसा खर्च करायचा असतो हा ठराव कित्येक काउंट्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केला असेल.

मग तळ पडायचा. कधी कचेरीच्या आवारात, कधी चर्चच्या मैदानात तंबू ठोकून. लोक बैलगाड्या, घोडागाड्या जोडून यायचे, सोबत शिदोरी आणायचे, भजनं म्हणायचे. काचेच्या बरणीत कृमी ठेवलेले असत, सूक्ष्मदर्शकातून अंडी दाखवत. आपल्याकडच्या उरुसाला किंवा जत्रेला जशी गर्दी लोटते तसंच ते दृश्य. रुग्णाला संध्याकाळी जुलाबाचं मीठ, सकाळी थायमॉलच्या गोळ्या आणि नंतर पुन्हा जुलाब. तेलकट खायचं नाही, दारूला हात लावायचा नाही, कारण थायमॉल तेलात आणि दारूत विरघळून अंगात भिनतं आणि जिवावर बेततं. औषध फुकट. फुकट म्हटल्यावर संशय आलाच. रॉकफेलर आता जोड्यांचा धंदा काढणार आहे, म्हणून अनवाणी चालू नका असा प्रचार करतोय, अशी अफवा पसरली होती. फुकटचं औषध देणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न गरिबाला नेहमीच पडतो आणि त्यात त्याची चूक नसते.

पाच वर्षांत बारा लाखांहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि जवळपास सात लाखांना औषध मिळालं. शाळकरी मुलांच्या पाहणीत दहांपैकी चार मुलांच्या पोटात कृमी निघाले होते. कृमीचं निर्मूलन मात्र झालं नाही. आयोगाच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द होता, पण औषध घेऊन घरी गेलेला मुलगा पुन्हा त्याच मातीत अनवाणी चालला आणि संडास बांधायला तर कित्येक वर्षं लागली. तरीही काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही. होइट ब्लिकली या अर्थशास्त्रज्ञानं २००७ मध्ये जुन्या जनगणनेचे आकडे तपासून दाखवलं, की जिथे कृमी जास्त होते तिथे या मोहिमेनंतर मुलांचं शाळेत जाणं आणि लिहिता-वाचता येणं अधिक वेगानं वाढलं.

माझ्या मते याहून टिकाऊ गोष्ट वेगळीच होती. १९१४ मध्ये आयोग बंद झाला, तरी मंडळांतल्या खुर्च्या भरलेल्या राहिल्या. उत्तर कॅरोलिनातल्या गिलफर्ड काउंटीनं १९११ मध्येच पूर्णवेळ आरोग्य खातं सुरू केलं होतं, पुढे इतरांनी तसं केलं. रॉकफेलर प्रतिष्ठान १९१३ मध्ये स्थापन झालं आणि रोझ यांनी तिथेही हीच पद्धत नेली: पहिल्या वर्षी प्रतिष्ठानचा वाटा मोठा, मग दरवर्षी तो कमी कमी करत जायचा आणि सरकारचा वाढवत न्यायचा. म्हणजे अनुदान द्यायला सुरुवात करतानाच ते कधी आणि कसं थांबेल हे कागदावर लिहिलेलं. हा हिशेब प्राध्यापकाला सुचला, धंदेवाल्यांना नाही, याची मला गंमत वाटते.

एव्हाना बायकांना मतदानाचा हक्क मिळाला होता. तो १९२० मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९२१ च्या नोव्हेंबरात, शेपर्ड-टाउनर कायदा झाला. बाळंतिणींचे आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी करण्यासाठी केंद्र सरकारनं राज्यांना पैसे द्यायचे, असा हा कायदा. बालकल्याण विभागाच्या प्रमुख जुलिया लॅथ्रप यांनी त्याचा पाया घातला होता. प्रत्येक राज्याला पाच हजार डॉलर बिनशर्त, आणि पुढच्या पैशांसाठी राज्यानं डॉलरमागे आपला एक डॉलर घालायचा. त्या पैशांतून परिचारिका खेडोपाडी फिरल्या, मुलांची वजनं घेतली गेली, सुईणींना हात धुण्यापासून शिकवलं गेलं. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि इलिनॉय या तीन राज्यांनी पैसे नाकारले. मॅसॅच्युसेट्स तर सर्वोच्च न्यायालयात गेलं: हे केंद्राचं काम नाही, हा आमच्या अधिकारावर घाला आहे. १९२३ मध्ये न्यायालयानं दावा ऐकून घ्यायलाच नकार दिला. डॉक्टरांच्या संघटनेनं कायद्याला विरोध चालूच ठेवला आणि १९२९ च्या जूनमध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून काम चालू ठेवलं, काहींनी परिचारिकांना घरी पाठवलं.

१९२९ हे साल वाईट होतं. त्या वर्षी शेअर बाजार कोसळला. आता जी गोष्ट सांगतो ती मला कवी म्हणूनही सहन होत नाही.

शिकागोचे व्यापारी जुलियस रोझेनवाल्ड हे मोठे दानशूर. दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा त्यांच्या मदतीनं उभ्या राहिल्या, त्याही अशाच रीतीनं: थोडा पैसा त्यांचा, थोडा सरकारचा आणि बाकीचा गरीब काळ्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून, अंगमेहनत करून घातलेला. त्यांच्या निधीनं केंद्राच्या आरोग्यसेवेबरोबर दक्षिणेतल्या सहा काउंट्यांत उपदंशाची तपासणी आणि उपचार सुरू केले. त्यांतली एक अलाबामातली मेकन काउंटी. तिथे रोगाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. पण बाजार कोसळल्यावर निधीकडचे शेअर मातीमोल झाले, आणि अलाबामा राज्याची तिजोरी हा भार उचलणारी नव्हती. काम बंद पडलं.

तपासलेल्या माणसांच्या याद्या मात्र तयार होत्या. १९३२ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवेतल्या काही डॉक्टरांनी ठरवलं, उपचाराला पैसे नाहीत तर मग उपचार न करता रोग कसा वाढतो ते पाहू. सुमारे सहाशे काळे पुरुष, त्यांतले ३९९ रोगी. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही बघतो. चाळीस वर्षं बघितलं. पेनिसिलिन आल्यानंतरही दिलं नाही. या माणसांना गाडीतून तपासणीला आणणाऱ्या परिचारिका युनिस रिव्हर्स स्वतः काळ्या होत्या आणि त्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. उपचारासाठी नसलेला पैसा एका कामासाठी मात्र मिळाला. मिलबँक मेमोरियल फंड या दुसऱ्या धर्मादाय संस्थेनं मेलेल्यांच्या दफनाचा खर्च दिला, कुटुंबानं शवविच्छेदनाला परवानगी दिली तर. आमच्याकडे गरिबाच्या कफनाला मोहल्ल्यातून वर्गणी निघते, आणि ती देणारा बदल्यात काही मागत नाही. म्हणून हे वाचताना माझा हात थांबला होता. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून हे उघड झालं तेव्हा हे काम बंद झालं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

रोझेनवाल्ड वाईट माणूस नव्हता, त्याचा निधीही वाईट नव्हता. मेकन काउंटीत उपचार करणारं स्वतःचं असं भक्कम खातं उभं राहण्याआधीच पैसा आटला, आणि त्या मोकळ्या जागेत ज्यांना फक्त पाहायचं होतं ते शिरले. ‘तुम्ही तुमचा वाटा घाला’ ही अट श्रीमंत काउंटीला जागं करते. मेकनसारख्या ठिकाणी ती बंद दार ठरते.

हे १९३५ च्या कायदेकारांना कळलं होतं असं दिसतं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला. आपण तो म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी ओळखतो. त्याच्या सहाव्या भागात राज्यांच्या आणि स्थानिक आरोग्य खात्यांसाठी वर्षाला ८० लाख डॉलर ठेवले होते, खाती उभारायला, चालवायला आणि माणसं शिकवून तयार करायलाही. आणि वाटप करताना तीन गोष्टी पाहायच्या होत्या: लोकसंख्या, तिथले आरोग्याचे खास प्रश्न आणि त्या राज्याची आर्थिक गरज. तिसरा मुद्दा मला सोन्यासारखा वाटतो. अमुक रोगासाठी अमुक पैसा, असं न करता खात्यासाठी पैसा. रोग येतात, जातात. मोजणारा, लस टोचणारा, पाणी तपासणारा माणूस खुर्चीवर लागतोच.

त्यानंतरची कथा चढउतारांची आहे, ती भराभर सांगतो. पुढच्या दशकांत पैसा पुन्हा एकेका रोगाच्या नावानं वाटला जाऊ लागला. २००१ मध्ये अँथ्रॅक्सची पत्रं आली तेव्हा पुढच्या वर्षी राज्यांना सुमारे एक अब्ज डॉलर मिळाले, मग भीती ओसरली तसा ओघही ओसरला. २००८ च्या मंदीत स्थानिक खात्यांतल्या हजारो जागा गेल्या. त्याच अवस्थेत २०२० ची साथ आली. डोळे उघडले म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात ३२० कोटी डॉलर खास या खात्यांची माणसं आणि पाया भक्कम करायला दिले गेले. राज्यं, प्रदेश आणि मोठी शहरं मिळून १०७ ठिकाणी, पाच वर्षांसाठी. आणि २०२५ च्या मार्चमध्ये साथीच्या काळातली दुसरी, सुमारे ११४० कोटी डॉलरची अनुदानं केंद्रानं एका फटक्यात रद्द केली. तेवीस राज्यं न्यायालयात गेली आणि त्यांच्यापुरती स्थगिती मिळाली. टेक्सास त्यांत नव्हतं. त्याच वेळी टेक्सासमध्ये गोवराची साथ चालू होती, लस न घेतलेलं एक मूल फेब्रुवारीत दगावलं होतं, दुसरं एप्रिलमध्ये दगावलं. डॅलस काउंटीला लसीकरणाची पन्नासहून जास्त शिबिरं रद्द करावी लागली आणि ती घेणाऱ्या माणसांना कामावरून काढावं लागलं.

आपल्याकडे याचा धागा आहे, आणि तो जुना आहे. रॉकफेलर प्रतिष्ठाननं १९२० मध्ये मद्रास इलाख्यात अंकुशकृमीचं काम सुरू केलं. पुढे नेय्याटिनकरा, पूनमल्ली, सिंगूर अशा ठिकाणी आरोग्य केंद्रांचे नमुने उभे राहिले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वंशावळ काढली तर ती १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून या नमुन्यांपर्यंत जाते. कलकत्त्याच्या आरोग्य संस्थेचे त्या काळातले संचालक होते डॉ. जॉन ग्रँट. नावातच अनुदान असलेला हा माणूस रॉकफेलर प्रतिष्ठानाकडूनच आला होता.

मग एकदम २००५. त्या वर्षी १२ एप्रिलला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यात प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी मिळू लागला. अबंधित म्हणजे अमुकच गोष्टीवर खर्च करा असं बंधन नसलेला. खातं आरोग्यसेविका आणि सरपंच यांच्या संयुक्त नावानं. आमच्या गावाजवळच्या एका उपकेंद्रात मी हे पैसे पाहिले आहेत, म्हणजे त्यांतून आलेल्या वस्तू पाहिल्या आहेत: पाण्याची टाकी, तपासणीच्या खाटेभोवती पडदा, दाराला कडी. दाराला कडी नव्हती तेव्हा बायका तपासून घ्यायला यायच्या नाहीत. एवढ्याशा कडीसाठी पूर्वी जिल्ह्याला कागद जायचा. एका वर्षी मात्र सरपंच आणि सेविकेचं बिनसलं, सही झाली नाही आणि पैसे खात्यात पडून राहिले. विक्लिफ रोझना ती बैठक ओळखीची वाटली असती.

पुढे पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला सत्तर हजार कोटींहून अधिक रक्कम सुचवली. रक्कम मोठी आहे. इमारती झाल्या, यंत्रं आली.

गेल्या पावसाळ्यात मी त्या उपकेंद्रात नातवाला लस द्यायला घेऊन गेलो होतो. तिथली सिस्टर कंत्राटी आहे. तिनं वजन केलं, वहीत लिहिलं, लस टोचली, पोरगं रडलं. बसल्या बसल्या मी तिला अमेरिकेतल्या त्या तंबूंची आणि ओव्याच्या फुलाची गोष्ट सांगितली. तिला बरणीतल्या कृमींचं हसू आलं. मग तिनं विचारलं, “चाचा, त्या तंबूवाल्यांना पुढे कायम केलं का?”

मी म्हटलं, काहींना केलं.

“काहींना,” ती म्हणाली आणि पुढच्या बाळाचं कार्ड मागून घेतलं.